बीबी मिंद्राचं धुणं

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्या बाकावर दाराचा वारा लागतो आणि माझा आवाज आता तिथवर पोचत नाही. तोदेर भाऊंचं प्रवचन गाऊन झालं की तुम्ही उठता, टोप्या चढवता, घरी सूप गार होतंय म्हणता. आज उठू नका. आज मला एक गोष्ट सांगायची आहे, आपल्याच टेकडीवरची, आणि ती सांगून झाल्याशिवाय हा अकॉर्डियन माझ्या गळ्यातून उतरायचा नाही. गोष्ट वेर्साविआची. आपण तिला वेर्सा म्हणत आलो. तिच्या मनातलं तुला काय ठाऊक, असं कुणी विचारेल. तिनंच सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. आणि जे तिनं गिळलं ते मला तोदेर भाऊंच्या दोन ओळींमधल्या श्वासात ऐकू आलं, असं समजा.

त्या सकाळी वेर्सा सिबिऊ शहरात बसथांब्यावर उभी होती. थंडी नुकती बोटांना चावायला लागलेली, हातात कागदी कपातली कॉफी, खांद्याला ऑफिसची पिशवी. बस दिसत नव्हती म्हणून तिनं सहज मान वळवली, तर थांब्याच्या काचेमागच्या फोटोतून बीबी मिंद्रा तिच्याकडे बघून हसत होती. पुरुषभर उंच. सोन्याचा दात चमकत होता, पांढऱ्या वेण्यांत लाल फीत होती, आणि डोकं उघडं होतं, कारण डोक्यावरचा रुमाल तिच्या डाव्या हातात होता. उजव्या हातात तिचाच हिरवा, चुण्यांचा घागरा. दोन्ही हात एकाच वेळी धुण्याच्या मशीनच्या गोल तोंडात शिरत होते. वर निळी पट्टी, पट्टीवर पिवळ्या चांदण्यांचं कडं, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं: स्वच्छ सुरुवात, सर्वांसोबत. वेर्साच्या हातातली कॉफी हिंदकळून मनगटावर सांडली. भाजलं, पण ते तिला बसमध्ये बसल्यावर कळलं. त्याआधी शेजारी उभी असलेली एक बाई, जाड कोट घातलेली, हातात पावाची पिशवी, आपणहून म्हणाली, “किती गोड म्हातारी आहे नाही? यांच्यातपण सुधारणा होतेय म्हणायची.” वेर्सानं पँट घातली होती, केस मानेपर्यंत कापलेले होते. तिच्याकडे बघून कुणाला काही कळत नसे. ती म्हणाली, “हो ना.” आणि बस आली.

हो ना. हे दोन शब्द बसच्या खिडकीवर वाफ धरावी तसे तिच्यापुढे धरून राहिले. ती माझी मावशी आहे, असं म्हणता आलं असतं. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, असंही. म्हणायला काय लागत होतं? त्या बाईला तर पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं. पण वेर्साच्या जिभेला एक वळण लागलं होतं, आणि ते आजचं नव्हतं. गाज्यांच्या, म्हणजे आपल्यातल्या नसलेल्यांच्या, शाळेत ती जायची तेव्हा बाई सकाळी मुलांच्या माना तपासायच्या. सगळ्यांच्या नाही, शेवटच्या बाकावरच्या आपल्या रोम पोरांच्या. वेर्साची मान लख्ख असे, बीबीनं पहाटे घासलेली, लाल होईपर्यंत. तरी बाई तिला वर्गातल्या नळापाशी न्यायच्या आणि सगळ्यांसमोर धुवायला लावायच्या. आधी पाय, मग त्याच पाण्यात तोंड. एकाच भांड्यात. पोर घरी येऊन भडभडून ओकली होती. बीबीनं तिला विचारलं नाही काय झालं, नुसतं ऐकलं आणि म्हणाली, “घाणेरडे आहेत गं ते. त्यांना कुणी शिकवलंच नाही. पाय धुतलेल्या पाण्यानं तोंड धुतात, आणि वर शाळा चालवतात!” मग तिनं दोन्ही घंगाळं बाहेर काढली, नवऱ्यानं स्वतः ठोकून घडवलेली, तांब्याची. एक वरच्या अंगाचं, एक खालच्या अंगाचं. रुमाल, सदरे, बंड्या, जेवणाची फडकी वरच्यात. घागरे आणि कमरेखालचं सगळं खालच्यात. ती दोन घंगाळं कधी शेजारी ठेवली जात नसत. एक चुलीच्या भिंतीला, एक कोठीमागे. आणि पाणी टेकडीच्या पायथ्याच्या पंपावरून, डब्यांतून, बर्फात घसरत, उन्हात थांबत. एकदा वेर्सा धावता धावता पाण्याच्या डब्यावरून उडी मारून गेली. तिचा घागरा डब्यावरून नुसता फिरला, पण पाणी विटाळलं. बीबीनं तो वर चढवून आणलेला आख्खा डबा उतारावर ओतून दिला आणि काही न बोलता पुन्हा खाली निघाली. तिची ती पाठ, उतारावर लहान होत जाणारी. वेर्साला त्या वयात एवढंच कळलं की शाळेत ती घाण आहे कारण ती रोम आहे, आणि घरी ती घाण करते कारण ती नीट रोम नाही.

पुढे ती शिकली. ते तुम्हाला माहीत आहे. आपणच तिच्यासाठी याच बाकांवर गायलो, तोदेर भाऊंनी तिच्या परीक्षेवर सबंध एक प्रवचन गाऊन काढलं होतं. ती शहरात राहायला गेली, दोन खोल्या, गरम पाणी, धुण्याची मशीन. मशीनमध्ये ती फक्त चादरी टाकायची. बाकीचं हातानं, न्हाणीघराच्या दारामागे ठेवलेल्या दोन प्लास्टिकच्या टबांत, एक निळा, एक पांढरा. ऑफिसातल्या लिविया मॅडम एकदा कॉफीला यायची होती, तर वेर्सानं निळा टब उचलून कपाटात कोंबला, त्यावर हिवाळी कोट टाकला, आणि मॅडम असेपर्यंत तिचं लक्ष त्या कपाटाच्या दाराकडे होतं. दार किंचित उघडं राहिलं होतं. आत कुणी लपलेलं असावं तशी ती घामाघूम झाली. मॅडम फार चांगली बाई. खरंच चांगली, तिच्याबद्दल वाकडं बोलू नका. जाताना तिनं वेर्साचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “तुझ्याकडे बघितलं ना, की वाटतं आपलं काम फुकट जात नाही.” दार लावून घेतल्यावर वेर्सा कपाटातला टब काढायला गेली आणि तशीच खाली बसून राहिली.

त्या ऑफिसात युरोपातून पैसा येई, आपल्यासारख्यांना गावात सामावून घेण्यासाठी. सामावून घेणं, असाच शब्द होता. आपण लाभार्थी आणि वेर्सा समन्वयक. आपल्या टेकडीसाठी पहिल्या टप्प्यात धुणीघर मंजूर झालं, आणि ते नीट चाललं तर दुसऱ्या टप्प्यात नळ, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, दर घरात. हे वेर्सानंच भांडून मिळवलं होतं. आराखडा ठरवायच्या बैठकीत इंजिनियरनं कागद पसरला: एक मोठी खोली, एका रांगेत मशिनी, समोर काचेची भिंत, म्हणजे उजेड येईल आणि सगळं कसं उघडं, पारदर्शक. मग त्यानं चष्म्यावरून वेर्साकडे बघितलं. “हे चालेल ना तुमच्यात? म्हणजे काही... परंपरा वगैरे?” त्या ‘परंपरा’ला एक बारीक हसू चिकटलेलं होतं. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना वळल्या. वेर्साला एकदम जाणवलं की तिची मान तपासली जातेय. बोलायचं एवढंच होतं: दोन खोल्या करा. मध्ये भिंत घाला, दारं वेगळी ठेवा. भिंतीला कितीसं लागतं? पण त्यापुढे का म्हणून विचारलं असतं, आणि मग तिला त्या टेबलावर, कॉफीच्या कपांमध्ये, बायकांचे घागरे पसरावे लागले असते, विटाळ म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं, आणि कुणीतरी हळूच विचारलं असतं, आणि तू? तूही पाळतेस? ती हसली. म्हणाली, “छे हो. ते आजीच्या काळातलं. आता कोण मानतं?” सगळ्यांना हायसं वाटलं. इंजिनियरनं कागद गुंडाळला.

धुणीघर उभं राहिलं. आपल्या बायका गेल्या, मशिनींवरून हात फिरवले, काचेत स्वतःला बघून घेतलं. “छान आहे गं वेर्सा. देवळासारखं आहे.”

“मग आणा ना धुणं.”

“आणू की. उद्या.”

“मी पण उद्या, आज आमच्याकडे पाहुणे.”

“माझं बाई आत्ताच धुऊन झालं.”

कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही. पण मशिनीच्या पोटात आपल्याआधी कुणाचं काय फिरून गेलं, हे कुणाला कळणार? वरचं की खालचं? पाणी जातं, पण लोखंड तर तेच राहतं. महिने गेले, मशिनींवरचे प्लास्टिकचे कागदही निघाले नाहीत. लिविया मॅडमनं काळजीनं विचारलं, “लाभार्थी येत का नाहीत गं? साबण वाटून बघू या का?” आणि वेर्सा म्हणाली, “सवय नाही हो त्यांना.” बस चौकात थांबली तेव्हा तिला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं, स्वतःच्याच आवाजात. सवय नाही त्यांना. ज्या बाया गोठलेल्या पंपावर उकळतं पाणी ओतून धुणं काढतात, त्यांना धुण्याची सवय नाही. पहिलं खोटं तिनं स्वतःला वाचवायला बोललं होतं. हे दुसरं तर विचारलं होतं त्याच्याही पुढे जाऊन बोलली होती.

त्या साबणाच्या बोलण्यानंतर थोड्याच दिवसांत युरोपातले लोक पाहणीला येणार असं ठरलं होतं. धुणीघर वापरात दिसलं नाही तर दुसरा टप्पा गेला, म्हणजे नळ गेला. वेर्सा टेकडी चढून बीबीकडे आली. बीबी अंगणात मिरच्या भाजत होती, मोठ्या लाल मिरच्या, हात काळे झालेले.

“ये गं साहेबीण. बस. वास घे नुसता, गाज्यांच्या शहरात मिळायचा नाही.”

“बीबी, एक काम आहे.”

“ते दिसतंय तोंडावरून. लग्न जमलं का?”

“धुणीघरात धुवायला यायचं. एक दिवस. पाहुण्यांसमोर.”

बीबीनं मिरची उलटली. “रिकामी मशीन फिरवते. नुसतं पाणी. आवाज येतो ना?”

“काचेचं दार आहे तिला. आत दिसतं.”

“मेले कुठले! धुण्यालासुद्धा खिडकी.” ती हसली, मग गप्प झाली. “नळ येईल?”

“येईल.”

“नक्की?”

“धुणीघर चालतंय असं त्यांना दिसलं तर नक्की.”

“मग एका मशिनीत माझं वरचं घालीन, दुसरीत खालचं. दोन्ही नव्या आहेत, कुणी वापरलेल्या नाहीत. तेवढं जमेल मला. पण माझ्या आधी कुणाला हात लावू देऊ नकोस, सांगून ठेवते.” आणि तिनं एक मिरची सोलून, मीठ लावून, वेर्साच्या तोंडात घातली, पोरीला भरवावी तशी.

त्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. परदेशी पाहुणे, लिविया मॅडम, फोटोवाला. बाहेर काचेला नाकं लावून आपल्या बायका उभ्या. बीबीनं रुमाल सोडून एका मशिनीपाशी ठेवला, घडी केलेला घागरा दुसरीपाशी. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, काढला. तिकडच्या मशिनीवर उजेड पडत नव्हता. “आजी, दोन्ही कपडे इकडे घ्या. दोन हातांत धरा, एकदमच घाला. हां, आणि हसा.” बीबीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तिनं वेर्साकडे बघितलं. वेर्सा काचेकडे पाठ करून उभी होती. बाहेरच्या बायकांना तिचं तोंड दिसत नव्हतं. खोलीत पाहुणे थांबलेले, मॅडम कौतुकानं डोळे ओले करून उभी, आणि बीबीचे ते डोळे, काही न मागणारे, नुसते विचारणारे. वेर्सानं मान हलवली. नुसती मान, किंचित, वरून खाली. बीबी वाकली, घागरा उचलला, आणि फोटोवाल्यानं सांगितलं तशी हसली.

त्यानंतर वेर्सा टेकडीवर फारशी आली नाही. ऑफिसात काम आहे म्हणायची. नळ मंजूर झाला ती बातमीसुद्धा तिनं फोनवर दिली. आणि टेकडीनं, आपण सगळ्यांनी, काय केलं ते तुम्ही जाणता. काचेवर धुकं होतं, असं बायका म्हणाल्या. उजेड डोळ्यांवर येत होता. कुणी म्हणालं, मी तेव्हा शिंकत होते. मिंद्रासाठी आख्खी टेकडी आंधळी झाली, कारण बघितलं नाही तर झालं नाही, आणि आपल्यात एवढी दया करायची रीत आहे. तिच्या हातचं जेवण चालूच राहिलं. तिच्या मनाला काय वाटत होतं ते तिला ठाऊक. ती स्वतः मात्र आपलं ताट वेगळं ठेवायला लागली होती, न सांगता. आणि आता तो फोटो शहराच्या थांब्याथांब्यांवर, पुरुषभर उंच. आता कुठलं धुकं?

ऑफिसात शिरल्या शिरल्या वेर्सा मॅडमच्या टेबलापाशी गेली. “तो फोटो काढता येईल का? थांब्यांवरचा.”

“का गं? किती सुंदर आलाय! ब्रुसेल्सलाही पाठवलाय आम्ही.”

“मावशीला... आवडला नाही.”

“आवडला नाही? अगं पण हसतेय की ती!” मॅडमनं खुर्ची जवळ ओढली. “काही झालंय का? मला सांग.” आणि ती खरोखर ऐकायला बसली होती. सांगायची ती वेळ होती. पण वेर्साला आता सगळं सांगायचं तर बैठकीपासून सांगावं लागणार होतं. ती म्हणाली, “नाही. म्हातारी लाजते जरा.” मॅडम हसली, “गोडच आहे.” वेर्साच्या पिशवीत फोन वाजला. तोदेर भाऊ होते. दुसऱ्या गावांतून माणसं विचारायला लागली होती, हसायला लागली होती. मिंद्राच्या नातीचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी थांबवलं होतं. रविवारी प्रार्थनेनंतर पंच बसणार. “तू ये बेटी,” भाऊ म्हणाले. “तुझी मावशी आहे.”

त्या रविवारी तोदेर भाऊ जे गायले ते मी जन्मात विसरणार नाही. माझी बोटं नुसती त्यांच्यामागून चालत होती. प्रभू तहानलेला टेकडी चढून आलाय, असं त्यांनी लावलं. दारात उभा आहे, पाणी मागतोय. आणि घरातली बाई आत भांडी धुंडाळतेय; हे चालेल का, ते चालेल का, हे शुद्ध आहे ना, ते कुणी वापरलं तर नाही ना. भाऊ तो ‘पाणी’ शब्द वर नेत, आणि तिथे थांबत, आणि आपण सगळे मिळून तो खाली आणत होतो. बायका रडत होत्या. बाई भांडं घेऊन बाहेर येते तर दार रिकामं. वेर्सा बायकांच्या बाजूला मधल्या बाकावर होती, लांब घागरा नेसून, डोक्याला रुमाल, कितीतरी दिवसांनी. गाताना तिचं तोंड उघडलं, पण सूर आला नाही. तिला वाटलं भाऊ माझ्यासाठी गातायत. बीबीला वाटलं असेल माझ्यासाठी. खरं तर प्रत्येकाला तसंच वाटत होतं, म्हणून तर रडत होतो.

मग अंगणात पंच बसले. बुर्दा काका मधे, काठीवर हनुवटी टेकून. बीबी समोर उभी.

“मिंद्रा, ती तूच ना, फोटोतली?”

“दात बघा ना काका. दुसऱ्या कुणाचा आहे असा?”

कुणीतरी हसलं. बुर्दा काका हसले नाहीत. “कुणी करायला लावलं तुला? गाज्यांनी जबरदस्ती केली? आपल्यातलं कुणी बोललं? तसं असेल तर सांग. तुझ्यावर काही राहत नाही, आत्ता इथं सगळे तुझ्या हातची कॉफी पितील. दोष लावणाऱ्याचा.” हे म्हणताना ते मिंद्राकडे बघत नव्हते. अंगणातल्या कुणाचीच नजर मिंद्राकडे नव्हती. वेर्साला ती सगळी माणसं आपल्या तोंडाशी वाकून उभी आहेत असं वाटलं. तिनं श्वास घेतला. बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बीबी म्हणाली, “कुणी नाही. म्हातारी झाले. उजेड मोठा होता, गडबडले. माझ्या हातानं केलं.”

“नीट आठव.”

“आठवून सांगतेय.” 

वेर्साचा श्वास तसाच बाहेर गेला. आणि त्यात, देवा, त्यात सुटल्याचा एक भाग होता. तो तिला स्पष्ट जाणवला, उन्हात पाठ शेकावी तसा. पुढे तिनं मला जे सांगितलं त्यात हे सांगायलाच तिला सगळ्यात वेळ लागला. पंचांनी ठरवलं: मिंद्रानं वेगळं खावं, वेगळं प्यावं, तिच्या हातचं कुणी घेऊ नये, पंच बंदी उठवतील तोवर.

मग पानं मांडली गेली. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण, मक्याची गरम मामालिगा, वर आंबट साय. बीबी भिंतीपाशी ओट्यावर जाऊन बसली. तिनं घरूनच आपला वाडगा आणला होता, फडक्यात बांधून. म्हणजे निकाल तिला सकाळीच ठाऊक होता. इकडे बायकांनी वेर्साला मध्ये बसवलं. “खा गं. वाळलीस नुसती.” “हिला मोठा तुकडा वाढ, पाणी आणणारी आहे आपली!” “नळ आला ना वेर्सा, की मी पहिल्या दिवशी नुसती उघडाबंद करत बसणार आहे.” वेर्सा घास घेत होती. घास चांगला होता. ती चावत होती आणि गिळत होती आणि पुन्हा वाढलेलं घेत होती, आणि कडेच्या डोळ्यानं तिला भिंतीपाशी एक चमचा वरखाली होताना दिसत होता, सावकाश, कुणाला त्रास होऊ नये इतका हळू.

ती कशी उठली तिचं तिला कळलं नाही. अंगण ओलांडून ती ओट्यापाशी गेली, बीबीच्या शेजारी बसली, आणि तिनं मामालिगेचा तुकडा मोडून बीबीच्या वाडग्यात बुडवून तोंडात घातला. बीबीनं फटकन तिच्या हातावर मारलं. “वेडी झालीस? थुंक! थुंक आधी!” वेर्सानं गिळलं. माझ्या हातातला चमचाही तसाच राहिला. मग वेर्सा बोलली. आवाज फार मोठा नव्हता, पण शाळेत शिकलेला, स्वच्छ. म्हणाली, मी मान हलवली. म्हणाली, तिनं मला विचारलं होतं डोळ्यांनी, आणि मी हो म्हटलं. आणि त्याआधी मी गाज्यांना सांगितलं होतं की आपल्यात असलं काही नाही. मला लाज वाटली, म्हणून. मग मी म्हणाले की तुम्हाला धुवायची सवय नाही. इथपर्यंत आली आणि थांबली. ते शेवटचं तर कुणाला कधी कळलंही नसतं, कुणी विचारलं नव्हतं. बायकांपैकी एकीनं तोंडावर हात घेतला.

बुर्दा काका उठले, ओट्यापाशी आले आणि मिंद्राला म्हणाले, “जा, कॉफी ठेव सगळ्यांना.” म्हणजे तिचं फिटलं. वेर्साकडे त्यांनी बघितलं नाही; बघायची गरजही नव्हती, दोष आता तिचा होता. तुम्हाला वाटेल बीबी आनंदली असेल. ती उठली नाही. तिचं तोंड रागानं थरथरत होतं आणि डोळ्यांतून धार लागली होती. “कशाला बोललीस गं?” ती म्हणाली. “मी केलं होतं ना ते तुझ्यासाठी? सगळं जमवून आणलं होतं. एक गोष्ट मी तुला देत होते आयुष्यात, तीही तुझ्यानं घेववली नाही.” आणि मग ती डोळे पुसून आत गेली आणि तिनं कॉफी ठेवली, आणि आपण सगळ्यांनी ती प्यायली. वेर्सा सोडून.

नळासाठी चर खणायला लागले तेव्हा वेर्सा रोज यायची. चिखलाचे बूट, डोक्यावर पिवळी टोपी. कुणाच्या अंगणातून नळी न्यायची, कुठलं झाड वाचवायचं, सगळं तीच बघायची. लोक तिचं ऐकायचे, भांडायचे, पण ऐकायचे. ऑफिसात तिनं सगळं सांगून टाकलं होतं आणि लिविया मॅडमनं धुणीघरात मधे भिंत घालून दिली. पुढच्या प्रस्तावात हे घालू या, फार मौल्यवान आहे, असंही म्हणाली म्हणे. जेवायच्या वेळी वेर्सा रस्त्याच्या कडेला दगडावर बसून आपल्या बाटलीतलं पाणी प्यायची. नळ आला. पहिल्या दिवशी कोण किती रडलं ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. आणि त्यानंतरच्या ईस्टरला पंचांनी तिच्यावरची बंदीही उठवली. बुर्दा काका स्वतः शहरात निरोप घेऊन गेले, तिच्या दारात उभे राहून म्हणाले, “संपलं बेटी. ये आता, आमच्यात बस.” ती म्हणाली, “येते काका.”

आली नाही. म्हणजे येते, लग्नाला येते, मयताला येते, बीबीच्या मयतालाही आली, आणि कडेला उभी राहून पानं मांडायच्या आधी निघून जाते. कुणी थांब म्हटलं तर बस चुकेल म्हणते. पंच उठवू शकतात ते त्यांनी उठवलं. जे तिच्या आत बसलंय त्याला उठवणारा पंच आपल्याकडे नाही. बीबी होती तोवर दर प्रार्थनेच्या शेवटी, सगळी नावं घेऊन झाली की, ती थोडं मोठ्यानं, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “आणि माझी वेर्सा.” आता ती नाही. माझा आवाज तुम्ही बघताच आहात, अकॉर्डियनच्या मागे लपतो. म्हणून तुम्हाला पुढे बोलावून बसवलं. घरी जाल, मुलांची, आजाऱ्यांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी जरा थांबा, आणि वेर्साची आठवण ठेवा.